शंभर किंवा शून्य : नववी-दहावीची मुलं आणि अनिश्चितता पेलण्याची ताकद

खडूफळा (धागाकर्ता)

२०२४ च्या 'नीट'मध्ये भौतिकशास्त्राचा एक प्रश्न होता. दोन विधानं दिली होती. पहिलं : अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, कारण त्यात धन आणि ऋण प्रभार सारखेच असतात. दुसरं : प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकावर अभ्यास केलेल्या बऱ्याच मुलांनी दोन्ही बरोबर धरली, नव्या आवृत्तीवाल्यांनी फक्त पहिलं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं आणि त्यांनी सांगितलं की पहिलं विधान खरं, दुसरं चूक. चार लाखांहून जास्त मुलांचे गुण त्या एका प्रश्नावर घटले. ७२० पैकी ७२० मिळवणारी मुलं आधी ६७ होती, सगळ्या दुरुस्त्या होऊन शेवटी १७ उरली.

कोर्टाची बाजू वकील मंडळी सांगतील, माझं म्हणणं वेगळं आहे. रेडियम, युरेनियमचे अणू आपोआप फुटतात हे बारावीच्या मुलाला चांगलं ठाऊक असतं. तेव्हा 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर' हे वाचताना त्याला खटकायला हवं होतं. कित्येकांना खटकलंही असेल. पण खटकलं तरी त्यावर टिकून राहायचं कशाच्या बळावर? समोर छापील पुस्तक आहे आणि छापील पुस्तकाला प्रश्न विचारणं हा आगाऊपणा, असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं आहे. म्हणजे विचार करायची कुवत होती, तो विचार धरून ठेवायची मुभा नव्हती.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. पश्चिमेला महाबळेश्वर, पूर्वेला माण-खटावचा कोरडा पट्टा आणि आमचं गाव मधोमध. पावसाळ्यातही उद्या पाऊस येईल की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून नववीच्या वर्गात एक वही सुरू केली. रोज शाळा सुटताना प्रत्येकाने लिहायचं : उद्या मधल्या सुट्टीपर्यंत मैदान भिजेल, याची शक्यता किती टक्के? दुसऱ्या दिवशी काय झालं ते लिहायचं आणि दंड मोजायचा. दंडाची रीत ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९५० साली मांडली. पाऊस आला तर १ धरायचा, नाही आला तर ०. ७० टक्के (म्हणजे ०.७) लिहिलं आणि पाऊस आला तर फरक ०.३, त्याचा वर्ग ०.०९, तोच दंड. पाऊस आला नाही तर फरक ०.७, दंड ०.४९. आणि शंभर टक्के लिहून पाऊस आलाच नाही तर दंड पूर्ण १.

सुरुवातीला वर्गातल्या बहुतेकांनी शंभर तरी लिहिलं नाहीतर शून्य. मधला आकडा कोणी लिहीना. मला वाटलं, संभाव्यता नीट समजलेली नाही, म्हणून परत शिकवली. आकडेमोड सगळ्यांना येत होती. शेवटी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "सर, साठ लिहिलं तर असं दिसेल ना, की मला माहीत नाहीये."

तिच्या लेखी 'माहीत नाही' हे गणिताचं विधान नव्हतंच, ती नालस्ती होती. आपण मुलांना विचार करायला शिकवायच्या गप्पा मारतो. पण त्या विचाराच्या खाली जी मूल्यं बसलेली असतात (हुशार माणूस ठाम बोलतो, अडखळणं म्हणजे अभ्यास नाही, मोठ्यांना एकच उत्तर हवं असतं) त्यांना हात लावत नाही. आणि तिथे हात लावल्याशिवाय या वयाची मुलं अनिश्चिततेत उभी राहू शकणार नाहीत, असं माझं ठाम मत झालंय.

पालक, शिक्षक आणि मानसशास्त्रातल्या मंडळींनी जरूर लिहा.

मृद्गंध

सर, अगदी आमच्या घरातलं लिहिलंत. मुलगा बारावीला आहे, सीईटी देऊन बसलाय. पेपर झाल्यापासून दिवसातून किती वेळा विचारतो, "आई, अमुक पर्सेंटाइलला पुण्यातलं कॉलेज मिळेल ना?" मी म्हणते, मिळेल रे. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, तासाभराने परत तेच. गेल्या वर्षीचे कटऑफ त्याला तोंडपाठ आहेत. अभ्यासात हुशार आहे, गणित उत्तम आहे, मग हे का? 'सगळं नीट होईल' म्हणायचं की नाही?

मनतळ

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. किशोरवयीन मुलं रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मृद्गंधताई, हुशार आहे *तरी* असं होतं, असं समजू नका. पुष्कळदा हुशार आहे *म्हणून* होतं. काळजी म्हणजे शेवटी शब्दांत केलेला विचारच. ज्याचं डोकं झरझर चालतं त्याला 'असं झालं तर' आणि 'तसं झालं तर' च्या जास्त वाटा दिसतात. त्यामुळे विचारकौशल्य वाढलं की अनिश्चितता आपोआप पेलता येते, हे मला मान्य नाही. ते कौशल्य कशाच्या सेवेला जुंपलं आहे, ते बघावं लागतं.

अनिश्चितता किती सोसवत नाही हे मोजण्याचं काम कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सुरू झालं. फ्रीस्टन, लादुसेर, द्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली २७ विधानांची एक मापनश्रेणी काढली, मूळ फ्रेंचमध्ये. २००७ मध्ये तिची १२ विधानांची आवृत्ती आली. त्या १२ विधानांत दोन गोष्टी वेगळ्या निघतात. एक, पुढचं सगळं आत्ताच कळायला हवं ही ओढ. दुसरी, कळत नाही म्हटल्यावर हातपाय गळणं, काही करायलाच न सुचणं. तुमच्या मुलात पहिली दिसते. दुसरी असलेली मुलं कटऑफ पाठ करत नाहीत, ती फॉर्मच भरत नाहीत. घरच्यांना तो आळस वाटतो.

द्युगा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अतिकाळजीचं जे प्रारूप मांडलं, त्यात अनिश्चितता न सोसण्याबरोबर आणखी तीन गोष्टी होत्या. त्यातली एक म्हणजे काळजी करण्याबद्दलचा चांगला ग्रह. 'मी काळजी करतो म्हणजे मी जबाबदार आहे', 'काळजी केली नाही तर वाईट होईल'. आता खडूफळा सरांचा मुद्दा इथे आणून बघा. हे सरळसरळ मूल्यच आहे. आपल्याकडे काळजी करणारं मूल समंजस आणि निवांत असलेलं मूल बेफिकीर ठरतं. ज्या घरात निवांत मुलाला टोमणे बसतात, त्या घरातलं मूल काळजी सोडायला तयार होत नाही, कारण काळजी सोडणं म्हणजे चांगुलपणा सोडणं.

'सगळं नीट होईल' बद्दल. दर वेळी दिलासा दिला की मुलाचं मन एवढंच शिकतं की ही अस्वस्थता दुसऱ्याकडून उत्तर मिळाल्याशिवाय जात नाही. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांबरोबर काम करण्याची एक पद्धत बसवली आहे. मुलाला थेट उपचार नाहीत, पालकांनी दिलासा आणि सवलती कमी करत न्यायच्या आणि मुलावरचा विश्वास बोलून दाखवायचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती पद्धत मुलांना थेट दिलेल्या वर्तन-उपचारापेक्षा कमी परिणामकारक ठरली नाही. तुम्ही त्याला म्हणून बघा, "मलाही माहीत नाही रे. यादी लागेपर्यंत कोणालाच कळणार नाही. तुला अवघड जातंय हे दिसतंय, पण तू निभावशील." आणि मग दुसऱ्या विषयावर बोला. पहिले काही दिवस तो चिडेल. चिडू द्या.

मृद्गंध

'काळजी करणारं मूल समंजस', हे वाचून थांबले. आमच्याकडे धाकटीला कायम ऐकवलं जातं, बघ दादा किती सिरियस आहे. धन्यवाद ताई, करून बघते.

वाचस्पती

सुंदर धागा. थोडा इतिहास जोडतो.

संदिग्धता न सोसण्याचा मानसशास्त्रात नीट अभ्यास पहिल्यांदा एल्झे फ्रेंकेल-ब्रुन्स्विक या बाईंनी केला. जन्म १९०८, लेम्बर्गचा, म्हणजे आजच्या युक्रेनमधलं ल्विव. व्हिएन्नात शिकल्या आणि तिथेच शिकवलं. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर ज्यू म्हणून देश सोडावा लागला आणि त्या कॅलिफोर्नियात बर्कलीला पोचल्या. तिथे त्यांनी शाळकरी आणि किशोरवयीन मुलांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा प्रश्न असा होता की इतर वंशांच्या लोकांविषयी टोकाचा पूर्वग्रह असलेली मुलं बाकीच्या गोष्टींतही अशीच काळं-पांढरं बघतात का? त्यांच्या एका प्रयोगात मुलांना कुत्र्याचं चित्र दाखवत. पुढच्या प्रत्येक चित्रात तो कुत्रा थोडाथोडा मांजरासारखा होत जाई. प्राथमिक निरीक्षण असं की पूर्वग्रह असलेली मुलं 'कुत्रा'च धरून बसत. मधली चित्रं, जी धड कुत्र्याची नाहीत की मांजराची नाहीत, ती त्यांना नकोशी होत. हा निबंध १९४९ चा.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण इथे प्रश्न मार्कांचा उरत नाही. ज्या मुलाला 'अजून कळत नाही' या अवस्थेत राहता येत नाही, त्याला माणसंही चटकन आपले आणि परके अशा दोन खणांत टाकावी लागतात. व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर खरा की खोटा, याला 'थांबा, बघू' हे उत्तर त्याच्याकडे नसतं. आजच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या हातात फोन आहे, त्यामुळे ही गोष्ट नागरिकत्वाची आहे असं मी मानतो.

सह्यकडा

मुद्दे पटतात, पण एक आक्षेप नोंदवतो. वय झालंय, त्यामुळे स्पष्ट लिहितो. मुलांना सगळ्याच बाबतींत साठ-चाळीस शिकवायचं का? कॉपी करावी का, मुलीला त्रास देणाऱ्या मित्राला अडवावं का, याचं उत्तर टक्क्यांत नको. आमच्या पिढीला एकच उत्तर शिकवलं आणि त्यावर आम्ही उभे राहिलो. मूल्यंच डळमळीत केलीत तर मुलगा अनिश्चितता पेलणार कशावर?

खडूफळा

सह्यकडा काका, हा आक्षेप यायलाच हवा होता.

काय *होईल* आणि काय *करावं* हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वही फक्त पहिल्यासाठी आहे. कॉपीबद्दल माझ्याही वर्गात टक्के नाहीत. उलट माझा अनुभव तुमच्या बाजूचा आहे. ज्या मुलांची काय करावं ही बाजू पक्की असते, त्यांना काय होईल हे माहीत नसलं तरी चालतं. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, कुस्ती खेळतो. कुस्ती जिंकणार का म्हटलं की खुशाल पंचावन्न लिहितो. कारण जिंको-हरो, पहाटे तालमीत जायचं हे त्याचं ठरलेलं आहे, ते निकालावर टांगलेलं नाही. आणि त्या हुशार मुलीचं सगळं निकालावर टांगलेलं होतं.

मनतळ

याला जोडून. डिॲना कून या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोक ज्ञानाकडे कसं बघतात याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी 'उत्तर एकच, मोठ्यांना ठाऊक असतं'. मग एकदम दुसरं टोक, 'ज्याचं त्याचं मत, सगळंच बरोबर'. आणि तिसरी, 'मतं अनेक असतील, पण पुरावा आणि कारणं बघून काही मतं इतरांपेक्षा चांगली ठरतात'. किशोरवयात मुलं पहिलीवरून दुसरीवर येतात आणि पुष्कळ तिथेच अडकतात. सह्यकडा काकांना जी भीती वाटते ती दुसऱ्या पायरीची आहे आणि ती रास्त आहे. तिथला मुलगा अनिश्चितता पेलत नसतो, त्याने प्रश्नच सोडून दिलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, 'काय माहीत!' म्हणून खांदे उडवतात. पुढचा प्रश्न विचारला की फरक कळतो : "बरं, मग हे कशाने कळेल?" तिसऱ्या पायरीवरचं मूल याला काहीतरी उत्तर देतं.

मूल्यांबद्दल शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांची मांडणी (१९९२) उपयोगी आहे. त्यांनी दहा मूल्यं एका वर्तुळात बसवली. सुरक्षितता, परंपरा, शिस्तीला धरून राहणं एका बाजूला आणि स्वतःचं स्वतः ठरवणं, नवं करून बघणं त्याच्या समोर. सुरक्षितता ज्याला फार मोलाची, त्याला अनिश्चितता जास्त टोचेल, हे तर्काला धरून आहे. पण यात उलटी वाटही असू शकते. ज्याला अनिश्चितता टोचते तोच सुरक्षिततेला कवटाळतो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे कुठून कुठे वाट जाते ते कळत नाही, म्हणून मुलांवर शिक्के मारू नयेत.

पाचट

मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. सगळं वाचलं. चांगलं आहे, पण यातला मोठा भाग ज्यांच्या पाठीशी काहीतरी आहे त्यांच्याबद्दल आहे.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं ऊसतोडीवाल्यांची. दिवाळीच्या आसपास मुकादमाची गाडी येते. आईबापांनी उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. कोणत्या कारखान्यावर जायचं, कर्नाटकात की पश्चिम महाराष्ट्रात, पट्टा कधी पडणार म्हणजे हंगाम कधी संपणार, काही सांगता येत नाही. मूल आजीपाशी राहील, हंगामी वसतिगृहात जाईल की फडावर जाईल, हे शेवटच्या दिवशी ठरतं. या मुलांना अनिश्चितता शिकवायची गरज नाही, आणि 'ही मुलं किती खंबीर' असं कौतुकही मला सहन होत नाही. त्यांनी ती निवडलेली नाही.

गेल्या वर्षी एका मुलाला दहावीला चांगले गुण पडले. मी मागे लागले, अकरावी सायन्स घे. त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियन घेतलं. म्हणाला, "बाई, तिकडं काय होईल माहीत नाही, इकडं दोन वर्षांनी हाताला काम आहे." कोणी म्हणेल, याला अनिश्चितता झेपत नाही. मी म्हणते, त्याने पुरता हिशोब केला. एकदा चुकलं तर दुसरी संधी नाही, उलट आणखी मोठी उचल अंगावर येईल, हे त्याला माहीत होतं. धोका पत्करायची ताकद मनात असते तेवढीच घरातल्या डब्यातही असते. मोजमाप करणाऱ्यांनी हे धरलंय का?

मनतळ

पाचटताई, फार मोलाचं लिहिलंत. बारा विधानांच्या त्या श्रेणीत घरची परिस्थिती विचारलेली नसते, अस्वस्थता तेवढी विचारलेली असते. त्या मुलाचा निर्णय मला विचारशक्तीचा नमुना वाटतो.

एक अभ्यास आठवला. ॲग्निएश्का टायमुला आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १७ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं यांना पैज लावायला दिली. जिंकण्याची शक्यता नेमकी किती ते *सांगितलं* तेव्हा मुलं मोठ्यांपेक्षा जपून खेळली. शक्यता झाकून ठेवली तेव्हा मुलं मोठ्यांपेक्षा बिनधास्त खेळली. म्हणजे 'पोरांना धोक्याची जाणीवच नसते' हे सरसकट खरं नाही. धोका नीट उघडून दाखवला तर ती जपून वागतात. तुमच्या विद्यार्थ्याला सगळं उघडं दिसत होतं.

रिपीटर_लातूर

मी त्या वर्षी नीट दिली होती. पहिल्यांदाच इथे लिहितेय.

५ मेला पेपर, ४ जूनला निकाल. मग ग्रेस मार्कांचा गोंधळ, २३ जूनला काही जणांची परत परीक्षा, पेपरफुटीच्या बातम्या, सगळ्यांचीच परीक्षा परत होणार का याची सुनावणी. २३ जुलैला कोर्टाने सांगितलं, सगळ्यांची फेरपरीक्षा नाही. २६ जुलैला सुधारित निकाल. अणूच्या त्या प्रश्नात मी दोन्ही बरोबर म्हटलं होतं, कारण मावसबहिणीचं जुनं पुस्तक वापरत होते. चार गुण गेले आणि वर एक वजा झाला. रँक कुठल्या कुठे.

त्या दिवसांत सगळ्यात वाईट काय होतं सांगू? वाईट निकालापेक्षा टेलिग्रामवरचे 'सेफ स्कोअर'. रोज एक नवीन सर नवीन आकडा सांगायचे, खात्रीने. होस्टेलवरच्या मुली ज्याचा आकडा आपल्याला बरा पडतो तो चॅनल धरून ठेवायच्या. परीक्षा परत होणारच असं कोणी सांगितलं असतं तर अभ्यासाला लागलो असतो, होणारच नाही म्हटलं असतं तर मोकळे झालो असतो. ते पन्नास-पन्नास होतं ना, त्याने जीव खाल्ला.

खडूफळा सर, तुमच्या त्या मुलीसारखीच मी होते. मला 'डॉक्टर व्हायचंय' याशिवाय स्वतःबद्दल दुसरं वाक्यच येत नव्हतं. आता वनस्पतीशास्त्र घेऊन बीएस्सी करतेय. हे दुसऱ्या नंबरचं आहे असं मला वाटत नाही. पण हे अकरावीत कोणीतरी विचारायला हवं होतं, की बायोलॉजीतलं तुला नेमकं काय आवडतं.

वाचस्पती

रिपीटर_लातूर, मनापासून लिहिलंस. तुझ्या 'पन्नास-पन्नास'ला आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली झालेल्या प्रयोगात ४५ जणांना संगणकावर दगड उलटायला दिले, खाली साप निघाला तर हाताला विजेचा झटका. घामावरून आणि डोळ्याच्या बाहुलीवरून ताण मोजला. झटका बसणारच हे पक्कं असताना जेवढा ताण होता, त्याहून जास्त ताण बसेल-न-बसेल अशी निम्मी-निम्मी शक्यता असताना होता.

निशिगंध

एक राहिलं. खात्री विकणारे. बोटांचे ठसे घेऊन मुलाने कोणती शाखा घ्यावी ते सांगणारी 'डीएमआयटी' चाचणी आमच्या भागात शिबिरं लावून करतात, हजारो रुपये घेतात. शास्त्रीय आधार काडीचाही नाही. सुशिक्षित आईवडील रांगेत असतात. राज्यात मध्यंतरी काही वर्षं दहावीची कलचाचणी होत असे, तिचा तर हेतू चांगला होता, पण तोही कागद कित्येक घरांत निकालासारखा वाचला गेला. मुलाने 'अजून ठरलं नाही' म्हटलं की मोठ्यांनाच धीर नसतो. धीर धरायचं प्रशिक्षण आधी आपल्याला हवंय.

पाचट

निशिगंध, शंभर टक्के सहमत.

खडूफळा सर, वही मला आवडली आहे. वसतिगृहातल्या मुलांबरोबर करायची म्हणते. पाऊस आमच्याकडे तेव्हा नसतो. दुसरा कुठला प्रश्न घ्यावा? आणि सगळ्यांनी रोज पन्नासच लिहिलं तर?

खडूफळा

ताई, रोज पन्नास लिहिणाऱ्याला रोज ०.२५ दंड बसतो, पाऊस येवो न येवो. महिनाभराची बेरीज काढली की त्यालाच दिसतं की थोडं डोकं चालवणारा त्याच्या पुढे गेलाय. ते सांगायची गरज पडत नाही.

प्रश्न असे घ्या ज्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल आणि ज्यात कोणाच्या घरचं काही दुखणार नाही. उद्या एसटी साडेनऊच्या आधी येईल का. परिपाठाच्या वेळी लाइट असेल का. विहिरीवरची मोटर पहिल्या दमात चालू होईल का. आईबाप कधी परत येणार, हा प्रश्न वहीत आणू नका. पाच रकाने पुरतात : तारीख, प्रश्न, टक्के, काय झालं, फरकाचा वर्ग. आकडा लिहिल्यावर शेजारी एका ओळीत कारण लिहायला लावा, 'काल वायरमन आला होता म्हणून' असं. मनतळताई म्हणतात ती तिसरी पायरी त्या ओळीत दिसते. आणि पहिला आठवडा तुम्हीही फळ्यावर तुमचा आकडा लिहा, मुलांच्या आधी. बाई पंचावन्न लिहितात हे बघितल्यावर माझ्याकडची पोरं मधले आकडे लिहायला धजली, म्हणजे आमच्याकडे सरांनी लिहिल्यावर. दंडाचे गुण प्रगतिपुस्तकात मात्र कुठेही धरू नका.

पाचट

ठीक. लाइटपासून सुरू करते. आमच्याकडे तोच प्रश्न खरा चुरशीचा आहे. काय होतंय ते इथेच लिहीन.